ओळंब्यातली भिंत

डोंगराच्या एका अंगाला वारा आत ओढून घेणारं एक बीळ होतं आणि दुसऱ्या अंगाला कड्याच्या पोटातून एक नदी बाहेर पडत होती. इकडून शिरायचं, आतल्या आत डोंगर पार करायचा आणि नदीबरोबर तिकडून बाहेर पडायचं, एवढाच बेत. सांगायला एक वाक्य पुरतं. पण त्यापायी दोन भावांची अर्धी हयात खर्ची पडली होती, आणि थोरल्याची तर आता संपलीही होती.

थोरला जमीनमोजणीच्या कचेरीत होता, धाकटा गवंडी. ऐन जवानीत एकदा डोंगरावर विडी पेटवताना थोरल्याची काडी विझली नाही, ज्योत नुसती आडवी झाली आणि एका फटीकडे बोट दाखवू लागली. वारा जातो तिथे वाट असते, असं म्हणून तो पालथा पडून आत घुसला. त्या दिवसापासून सुटीचा दिवस म्हणजे डोंगर, हे त्या घरात ठरून गेलं. शिड्या लागल्या, दोर आले, खोदाई सुरू झाली. थोरल्याची मुलगी चालू लागली तशी ती बाबांच्या टेपचं एक टोक धरू लागली. पुढे त्याच कचेरीत लागली, आणि सगळं गाव तिला मोजणीबाई म्हणू लागलं.

यंदा बाबा नव्हते. थंडी सरताना ते गेले. शेवटच्या आजारातही भेटायला येणाऱ्याला ते प्रकृतीबद्दल काही सांगत नसत. "एकच दगड राहिलाय," म्हणत.

निघायच्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात डबे भरत होती. ओट्यावर टॉर्चच्या बॅटऱ्या आणि बटाटे एकाच परातीत पडले होते. दाराशी उकिडवे बसून काका वाकडे खिळे हातोडीने सरळ करत होते.

"काका, नवे खिळे आणलेत ना मी," मोजणीबाई म्हणाली.

"आणलेस. म्हणून जुने टाकायचे?"

"भावजी आणि टाकणार!" आई म्हणाली. "यांनी चहातली साखर विरघळली नाही तर चमच्याने खरवडून खाल्लीय. काय हो भावजी, किती राहिलंय आता?"

"एकच दगड, वहिनी."

"मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही एकच होता. एव्हाना त्याला नातवंडं झाली असतील."

सगळे हसले. आईही हसली. मग तिने पाठ वळवून नळ सोडला आणि धुतलेलाच डबा पुन्हा बराच वेळ धुतला.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ठिणगी आली होती. ठिणगी म्हणजे मोजणीबाईची शाळेपासूनची मैत्रीण, वेल्डिंगचं दुकान चालवणारी. डोंगरातली आताची प्रत्येक शिडी तिच्या हातची. भीती हा शब्द तिच्या गावी नव्हता, पण चिकाटीही नव्हती. फोटोग्राफी सोडली, बासरी सोडली, दुकानाच्या पाटीवरची अर्धी अक्षरं रंगवून रंग सोडला. पूर्वी एकदा तर ठरलेलं लग्न तिने पत्रिका छापून झाल्यावर मोडलं. "छापल्या म्हणून काय करायचं का लग्न?" असं तिने भर बैठकीत विचारलं होतं. मग मनासारखा ट्रक ड्रायव्हर मिळाला आणि त्याच्याशी मात्र ती मजेत नांदत होती.

"पोरगी धीट आहे, पण धरसोड," काका म्हणत.

"आणि तुमचे काका नुसतं धर, धर, धर," ठिणगी म्हणे.

ड्रायव्हर बिळाच्या तोंडाशी ट्रक लावून थांबला आणि तिघं आत उतरली. आतला कायदा बाबांनी घालून दिलेला होता: टेप ज्याच्या हातात, शब्द त्याचा. त्यामुळे वयाने सगळ्यांत मोठे असूनही काका अंधारात पुतणीचं ऐकत.

शिड्या संपल्या की पोटावर सरपटायचं, मग अचानक छत वर उडून जायचं आणि टॉर्चचा उजेड पोचणार नाही एवढं दालन लागायचं. भिंतींवरून चुनखडीचे पडदे लोंबत होते, दुधावरच्या सायीसारखे सुरकुतलेले. दालनाच्या कडेने एक झरा वाहत यायचा, गुडघ्याच्याही खाली, आरशासारखा. त्याच्याबरोबर उतरत गेलं की छत इतकं खाली यायचं की वाकून, हनुवटी पाण्याला लागेल अशा बेताने पलीकडे जावं लागे. या जागेला ते वाकण म्हणत. वाकणाच्या पलीकडे खोदाईची खोली. तिच्या टोकाला कोसळलेल्या दगडांचा ढीग छताला भिडलेला होता, ढिगावर चढायला ठिणगीची एक शिडी खडकात बसवलेली होती आणि वारा त्या ढिगाच्या सांदीसांदीतून आत जात होता. तीच वाट. तोच ढीग दोघा भावांनी दगड दगड करून उपसत आणला होता.

आणि उपसलेले दगड कुठे गेले, ते पाहायला तर लांबून यावं! खोलीच्या डाव्या कोपऱ्यात पूर्वी झऱ्याचं पाणी जमिनीत जिरायचं. भावांनी पाट काढून झरा उजवीकडून ढिगाकडे वळवला आणि कोरड्या झालेल्या कोपऱ्यात दगड रचायला घेतले. दुसऱ्या कुणी नुसते फेकले असते. काकांनी भिंत बांधली. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड बसवलेला, सांध्यात दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या, कोपरा काटकोनात. जमिनीपासून माथ्यापर्यंत ओळंब्यात, वजन बांधून सोडलेल्या दोरीइतकी सरळ!

"इथे अंधारात कोण बघणार आहे रे?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"अंधार बघतो," काका म्हणाले होते.

मोजणीबाईला त्या भिंतीचा अभिमान वाटे. जगात कुणाला न दिसणारी एवढी सरळ गोष्ट आपल्या माणसांनी उभी केली आहे, याचा. आजही आल्या आल्या तिने भिंतीवर हात टेकला, मग कामाला लागली.

काका ढिगात पहार घालत होते, ठिणगी घमेलं भरत होती, मोजणीबाई ते भिंतीशी रिकामं करत होती. सुटलेला दगड देताना काका अजूनही भावाच्या जागी, उजवीकडे हात लांब करत आणि तिथे कुणी नाही हे लक्षात आलं की डावीकडे ठिणगीकडे वळत.

"पोरी!" ते एकदम ओरडले. "हात जातोय! पलीकडे हात जातोय!"

दोघी धावल्या. खरंच! एका लांबट दगडाच्या खालून काकांचा हात कोपरापर्यंत आत गेला होता आणि वारा बाहीला ओढत होता. पलीकडे मोकळं होतं. त्यांनी वेड्यासारखी पहार लावली. दगड हलला. मग रुतून बसला.

तेवढ्यात ठिणगी पाटाकडे बघून म्हणाली, "अगं, पाणी चहासारखं का झालंय?"

झरा गढूळ झाला होता. इथे गढूळ पाण्याचा अर्थ एकच. वर, डोंगराच्या माथ्यावर कुठेतरी जोराचा पाऊस कोसळला होता.

"निघू या," ठिणगी म्हणाली. पहार खाली ठेवून तिने हातही पुसले.

"आता?" काका वळले. "हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि आता निघायचं?"

"शेपूट राहू दे. उद्या कापू."

"तुझं काय जातंय उद्या म्हणायला! तू काय सोडलं नाहीस आजवर?"

"जीव नाही सोडला अजून. म्हणून तर सांगतेय."

दोघांनी मोजणीबाईकडे पाहिलं. टेप तिच्या कमरेला होता. तिने खाली वाकून पाण्याची रेघ भिंतीच्या कितव्या थराशी आहे ते पाहिलं. पाणी तिथपर्यंत पसरून वर चढू लागलं होतं. उत्तर सरळ होतं. पण डोळ्यांसमोर ती बाहीला ओढ लावणारी हवा होती आणि कानांत बाबांचा आवाज. आज इथून मागे फिरलो, तर ते पुन्हा एकदा पोचायचे राहतील, असं काहीसं तिच्या मनात आलं. मेलेल्या माणसाला उशीर होत नाही, हे कळत असूनही आलं.

"एकच दगड," ती म्हणाली. "एवढा काढू, मग निघू."

दगड निघाला! त्याच्यामागे दुसरा होता.

दुसरा काढेपर्यंत पाणी गुडघ्यावर आलं. ठिणगी वाकणाकडे पळाली आणि तशीच परत आली. टॉर्चच्या उजेडात तिचा चेहरा पहिल्यांदाच पांढरा दिसला.

"वाकण भरलं. छताला पाणी लागलंय."

ढिगाच्या फटींना एवढं पाणी गिळवत नव्हतं. ते खोलीत तुंबत होतं, मागे वाकणापर्यंत फुगत होतं, आणि वरून आणखी येत होतं. मागची वाट बंद. पुढची उघडलेली नाही. मधे तिघं, आणि कमरेकडे सरकणारं थंडगार पाणी!

"आता तर पुढेच जायला हवं!" काका ओरडले. "शेंडी तुटो की पारंबी! धर पहार!"

त्यांनी पहार घातली. वरून खडे गळले. मग मूठभर वाळू. मग ढिगाच्या आत खोल कुठेतरी काहीतरी गुरगुरलं आणि एक डोक्याएवढा दगड काकांच्या खांद्याला घासून पाण्यात पडला.

"थांबा!" मोजणीबाई म्हणाली.

तिने दोघांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर तिला ते उलटेच दिसले. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघणारे काका इथून हलायला तयार नव्हते, आणि कशालाही न भिणारी ठिणगी केव्हाच निघाली असती. तिला वाटत आलं होतं की धाडसी माणूस हटून बसतो आणि जपणारा मागे फिरतो. पण काकांना मरणापेक्षा वाया जाण्याची भीती होती. उपसलेला एकेक दगड त्यांनी जिवापाड जपला होता. आता मागे फिरणं म्हणजे ते सगळे एकदम फेकून देणं. ठिणगीला नव्याची ओढ होती. जुनं तिच्या अंगाला चिकटतच नसे. आणि आपण? आपल्याला तर दगडांशी देणंघेणंच नव्हतं. आपण एका माणसासाठी थांबलो.

त्या माणसाची एक सवय मात्र तिला आठवली. शेतात मोजणी चुकली की बाबा दिवसभराच्या आकड्यांवर सरळ काट मारत. शेतकरी हळहळे, "साहेब, एवढं उन्हातान्हात मोजलंत ते?" बाबा म्हणत, "आकड्यांना राग येत नाही," आणि उभे असतील तिथून टेप नव्याने लावत.

ती उभी होती तिथून तिने पाहिलं. पाणी कुठून येतंय? वाकणातून. कुठून जाऊ शकत नाही? ढिगातून. आणि आपण इथे यायच्या आधी, हजारो वर्षं, ते कुठे जात होतं?

तिने मान वळवली. डावा कोपरा. भिंत.

"काका," ती म्हणाली, "पाणी भिंतीखालून जायचं."

काकांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते भिंतीच्या आणि तिच्या मधे येऊन उभे राहिले.

"नाही."

"काका..."

"दादाचे हात लागलेत तिला. एकेका दगडाला. हीच तर राहिलीय फक्त!"

पाणी कमरेला लागलं. ठिणगी काही बोलणार होती. मोजणीबाईने तिला हाताने थांबवलं. मग ती अशा आवाजात बोलली, की जणू स्वयंपाकघरात दाराशी बसली आहे.

"काका, समजा तुम्ही इथे आज पहिल्यांदाच आलात. ही भिंत कुणी बांधली, ठाऊक नाही. तीन माणसं अडकलीत आणि तुम्ही गवंडी आहात. कुठला दगड आधी काढाल?"

काकांनी भिंतीकडे पाहिलं. आधी भाऊ पाहतो तसं. मग, हळूहळू, गवंडी पाहतो तसं. त्यांची नजर माथ्यावरून खाली उतरली, सांध्यासांध्यातून फिरली आणि पाण्याखाली जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थांबली.

"खालच्या थरातला तिकोनी," ते म्हणाले. "प्रत्येक भिंतीत एक असा असतो. तो असेपर्यंत बाकीचे गुण्यागोविंदाने राहतात. तो गेला की सगळे भांडतात."

"मी जाते पाण्याखाली," ठिणगी म्हणाली.

"तुला सापडायचा नाही. मी ठेवलाय तो."

त्यांनी दोर हातात घेतला. छाती भरून श्वास घेतला. बुडले!

पाणी ढवळलं. बुडबुडे आले. बुडबुडे थांबले. मोजणीबाईने टॉर्च पाण्यावर धरला; चहाच्या रंगाशिवाय काही दिसेना. ठिणगी पुटपुटत होती, "या हो काका, या हो..."

डोकं वर आलं! काका खोकत होते, बोटांतून रक्त येत होतं, पण दोराचा फास खाली बसला होता.

"बाजूला व्हा! समोर नको, कडेने! ओढा!"

तिघांनी पाय दगडाला रोवले. ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. दोर ताणून सतारीसारखा वाजला.

"घट्ट बसवलाय मेला!" ठिणगी किंचाळली. "कुणी बांधलीय ही भिंत?"

"मी!" काका गरजले, आणि त्या गरजण्यात इतका अभिमान होता की अशा वेळीही मोजणीबाईला हसू फुटलं. "ओढा!"

दगड सुटला. तिघंही पाण्यात उताणी पडली. भिंत क्षणभर तशीच उभी राहिली, जणू विचार करत होती. मग तिच्या पोटात फुगवटा आला, चिपा उडाल्या, माथा वाकला आणि सगळी भिंत गडगडत खाली आणि आत, आत कोसळली! कारण तिच्या मागे आणि खाली खरी जमीन नव्हतीच, नुसता दाटून बसलेला गाळ होता. एक तोंड उघडलं होतं. खोलीतलं पाणी गर्रकन फिरलं आणि त्या तोंडात धावत सुटलं.

"शिडीला धरा!"

ढिगाजवळची ठिणगीची शिडी खडकात खुंट्या ठोकून बसवलेली होती. तिघं तिला लटकली. पाण्याने पाय ओढले, एक बूट नेला, घमेली नेली, पहार नेली. मग ओढ सैल झाली. पाणी मांडीवर आलं. गुडघ्यावर. वाकणाच्या छताखाली पुन्हा काळी फट दिसली, आणि तिच्यातून वारा सुटला. वारा आता ढिगाकडे वळतसुद्धा नव्हता. तो सरळ डाव्या कोपऱ्यात, त्या नव्या तोंडात शिरत होता.

मोजणीबाईने कडेला पालथं पडून टॉर्च आत धरला. धुतलेल्या खडकाची रुंद उतरण खाली गेली होती, माणूस ताठ चालेल एवढी उंच. खाली, फार खाली, पाण्याचा गंभीर घोष ऐकू येत होता. ओढ्याचा नव्हे, नदीचा!

"वाट," ठिणगी कुजबुजली. "ही वाट आहे."

काका गुडघ्यावर बसले. त्यांचे खांदे हलू लागले. पुतणीला वाटलं रडताहेत. जवळ गेली तर ते हसत होते, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"अरे दादा! जन्मभर दार खोदलं, आणि माती कुठे टाकली? दारात!"

"चला!" ठिणगी उतरणीवर पाय टाकायला निघालीच. "आता तर उघडलंय!"

"आता तुला उद्या नको वाटतं?" काका म्हणाले.

"हे नवीन आहे!"

"पाऊस जुनाच आहे," मोजणीबाई म्हणाली. तिने पुन्हा एकदा खाली पाहिलं. बाबांनी ऐकायला हवा होता असा तो आवाज होता. तिने तो त्यांच्या आणि आपल्या वाटचा ऐकला, पुरता, आणि उठली. "वाकण उघडं आहे तोवर बाहेर. आधी काका."

कुणी वाद घातला नाही. ती सगळ्यांत शेवटी वाकणात शिरली. मागे ढीग होता तसाच होता, दोन दगड कमी झालेला. त्याच्याकडे बघून तिने वाईट वाटायची वाट पाहिली, वाटलं नाही. पाणी नाकाशी होतं, पण ते उतरत होतं, आणि तिची मान ताठ होती.

वर संध्याकाळचा उजेड होता आणि सगळा डोंगर ठिबकत होता. ड्रायव्हर बिळाच्या तोंडाशी चिखलात गुडघे टेकून बसला होता. आवाज देऊन देऊन त्याचा घसा बसला होता. त्याने एकेकाला हाताला धरून बाहेर ओढलं, बायकोला जरा जास्तच जोरात.

"पोचलात का?" त्याने काकांना विचारलं.

"नाही."

"मग एवढा वेळ केलंत काय आत?"

काकांनी एका पायातला बूट काढून पाणी ओतलं. दुसऱ्या पायात बूट नव्हताच. मग ते कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले.

"भिंत पाडली."

"कुणाची?"

"आमची," काका म्हणाले. "दादाची आणि माझी. तुला काय सांगू, काय बांधली होती!"